जाहिरातीविना चालणारा रेडिओ: के-लव्ह आणि बीबीएन, फोंड्यातून ऐकताना

आधी निकाल सांगते, मग कारणं. अमेरिकेतली दोन ख्रिस्ती रेडिओ नेटवर्क मी मन लावून ऐकली, के-लव्ह आणि बीबीएन, म्हणजे बायबल ब्रॉडकास्टिंग नेटवर्क. दोन्ही जाहिराती घेत नाहीत, दोन्ही श्रोत्यांनी पाठवलेल्या देणग्यांवर चालतात. कानाला निवांतपणा हवा असेल तर बीबीएन. कामातली सफाई बघायची असेल तर के-लव्ह. पण आपल्या गावाला ओळखणारा रेडिओ हवा असेल तर दोन्हींपैकी एकही नाही, आणि मला मुख्यतः त्याविषयीच बोलायचं आहे.

मी पणजी आकाशवाणीवर बरीच वर्षं नैमित्तिक निवेदिका होते. कार्यक्रमाच्या क्रमाची क्यू शीट हातात, समोर आवाज वर-खाली करणारा फेडर, डोळे घड्याळावर, असं माझं निम्मं आयुष्य गेलं. त्यामुळे मी रेडिओ ऐकते तेव्हा गाण्याइतकंच गाण्याच्या आधीचं आणि नंतरचं ऐकते. निवेदक कुठे थांबतो, श्वास कुठे घेतो, आधीचं गाणं पुरतं संपू देतो की त्यावर बोलत सुटतो. माझा धर्म वेगळा आहे, घरात शांतादुर्गेचा कौल घेतल्याशिवाय मोठं काम सुरू होत नाही. तरी या केंद्रांकडे मी परकेपणाने पाहिलेलं नाही. वाड्यावरच्या खुरसासमोर, म्हणजे क्रूसासमोर, मे महिन्यात चालणारी लदाइन ही गाऊन म्हणायची प्रार्थना ऐकत मोठी झालेली मुलगी मी. प्रार्थना कोणाचीही असो, ती म्हणणाऱ्याचा आवाज खरा आहे की नाही हे कळतं.

लेक नॉर्थ कॅरोलायनात असते. तिच्याकडे राहायला गेले तेव्हा जावयाच्या गाडीत के-लव्ह पहिल्यांदा कानावर पडलं. लांबच्या प्रवासात एक फ्रिक्वेन्सी खरखरायला लागली की तो बटण दाबून पुढची शोधायचा, आणि शंभर मैलांपलीकडे वेगळ्याच आकड्यावर तोच निवेदक, तेच गाणं, तीच घोषणा. माझ्यासारख्या आकाशवाणीच्या बाईला हे नवलाचं होतं. आमच्याकडे पणजी सोडून सिंधुदुर्गात शिरलात की बातम्यांची भाषा, निवेदकाचा सूर, बाजारभावातल्या गावांची नावं सगळं बदलतं. तिथे डोंगर बदलले, झाडं बदलली, राज्य बदललं, आवाज मात्र जिथल्या तिथे.

हे कसं होतं ते मी नीट समजून घेतलं. के-लव्हची सुरुवात १९८२ साली कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा गावात एका एफएम केंद्रापासून झाली. फ्रिक्वेन्सी ९१.९. (आपल्या गोव्यात हाच आकडा रेडिओ इंडिगोचा आहे, म्हणून लगेच लक्षात राहिला.) के-लव्ह हे नाव १९८८ चं. ते वाढवणारी संस्था एज्युकेशनल मीडिया फाउंडेशन, आणि तिचंच दुसरं नेटवर्क एअर-वन. अमेरिकेत एफएम पट्ट्याचा खालचा भाग, ८८ पासून ९२ मेगाहर्ट्झपर्यंतचा, बिगरव्यावसायिक केंद्रांसाठी राखून ठेवलेला आहे. तिथे जाहिरात विकता येत नाही. कोणी मदत केली तर त्याचं नाव सांगून आभार मानता येतात, पण ‘आमच्या दुकानात या’ म्हणता येत नाही. या राखीव जागेमुळेच अशी केंद्रं वाढली. त्यांच्या जोडीला ट्रान्सलेटर म्हणून छोटे प्रक्षेपक असतात, फार तर २५० वॅटचे. एका मुख्य स्टुडिओतला कार्यक्रम उपग्रहावरून सगळीकडे पोचतो आणि हे प्रक्षेपक तो आपापल्या खोऱ्यात सोडतात. ज्या गावात प्रक्षेपक आहे तिथे संस्थेचा एकही माणूस नसला तरी चालतं.

के-लव्हची ओळखवाणी आहे ‘पॉझिटिव्ह, एन्करेजिंग’, आणि ते तिला जागतात. आजच्या ढंगाची ख्रिस्ती गाणी, गिटार, ड्रम, मोकळे तरुण आवाज. मधे कोणा श्रोत्याचा फोन, आजारातून उठलेल्या बाईचं दोन वाक्यांचं मनोगत, लगेच पुढचं गाणं. ध्वनीची पातळी इतकी सारखी ठेवलेली की गाडी कितीही धावली तरी आवाजाच्या बटणाला हात लावावा लागत नाही. हे सोपं काम नव्हे, मी ते केलेलं आहे. निवेदकांची हसरी जोडी सकाळी असते. आवाज स्वच्छ, उच्चार स्वच्छ, बोलणं मोजकं. लहान मुलं गाडीत असताना आईबापांनी निर्धास्तपणे लावून ठेवावं असं हे केंद्र आहे आणि त्यांनी ते तशाच घरांसाठी बांधलं आहे.

मला खुपतो तो त्यांचा साचा. लोकप्रिय गाण्यांची लहान यादी फिरवत ठेवायची, हे या धाटणीच्या सगळ्याच केंद्रांचं तंत्र आहे, ख्रिस्ती असोत की नसोत. गाणी ओळखीची झाली की श्रोता टिकतो, हा त्यामागचा हिशेब. पण भक्तिसंगीताला तो हिशेब मानवत नाही असं मला वाटतं. अभंग आपण शेकडो वेळा ऐकतो, पण दर वेळी गाणारा वेगळा असतो, ठेका वेगळा असतो, एखाद्या चरणावर तो आज जास्त रेंगाळतो. तेच ध्वनिमुद्रण, तेवढ्याच मिनिटांचं, पुन्हा पुन्हा वाजलं की त्यातली आर्तता झिजते.

आता पैशांची गोष्ट, कारण श्रोत्यांच्या बळावर चालणाऱ्या सेवेची परीक्षा तिथेच होते. वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालतं, पथकांमागून पथकं येतात, प्रत्येक समाजाचा आपला पार, म्हणजे भजनाची मिरवणूक, असतो, आणि वर्गणी देणारा माणूस स्वतःच ऐकायला उभा असतो. श्रोत्यांचा रेडिओ मला तसाच वाटतो. देणारा आणि ऐकणारा एकच. म्हणून साबणाची, बँकेची, वेलचीच्या नावाखाली गुटख्याची जाहिरात करावी लागत नाही. खाजगी एफएमवर दर दोन गाण्यांमागे जी आरडाओरड चालते ती ऐकलेल्या माणसाला या शांततेची किंमत कळेल. वर्षातून काही वेळा देणगीसाठी खास दिवस राखलेले असतात. तेव्हा गाणी कमी, आवाहनं जास्त. दर महिन्याला ठराविक रक्कम कबूल करा, इतके श्रोते पुढे आले, इतके हवेत. मला त्या दिवसांत कंटाळा येतो, तरी ते दिवस मी प्रामाणिक मानते. मागणारा तोंडावर मागतो. शिवाय संस्थेचं वार्षिक आर्थिक विवरण सरकारदरबारी भरलेलं असतं आणि ते कोणालाही उघडून पाहता येतं.

पण श्रोत्यांच्या पैशांतून काय विकत घेतलं जातं हेही बघायला हवं. २०१९ साली एज्युकेशनल मीडिया फाउंडेशनने एका व्यावसायिक कंपनीकडून सहा केंद्रं १० कोटी ३५ लाख डॉलरला घेतली. त्यांत न्यूयॉर्कचं डब्ल्यूपीएलजे होतं, ९५.५ एफएम, शहराच्या कित्येक पिढ्यांच्या ओळखीचं संगीत केंद्र. ३१ मे २०१९ च्या संध्याकाळी तिथल्या निवेदकांनी निरोप घेतला आणि त्या फ्रिक्वेन्सीवर के-लव्ह सुरू झालं. व्यवहारात काही गैर नव्हतं. विकणाऱ्याने विकलं, घेणाऱ्याने घेतलं. तरी निवेदिका म्हणून मला त्या संध्याकाळीबद्दल वाचताना वाईट वाटलं. आपल्या शहरात कुठे पाणी तुंबलंय, कोणती गाडी उशिरा आहे हे सांगणारा आवाज गेला, आणि त्या जागी सगळ्या देशाला एकच गोष्ट सांगणारा आवाज आला. त्याआधी दोन वर्षं, २०१७ मध्ये, अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने प्रत्येक केंद्राचा मुख्य स्टुडिओ त्याच परिसरात असला पाहिजे हा जुना नियम काढून टाकला होता. आता दर तासाला केंद्राची अक्षरं आणि परवान्यावरच्या गावाचं नाव उच्चारणं उरलं आहे. गावाचा रेडिओशी संबंध एवढ्यावर येऊन थांबावा, हे मला पटत नाही.

आता बीबीएन. लॉवेल डेव्ही यांनी ते उभं केलं, पहिलं केंद्र १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये व्हर्जिनियातल्या नॉरफोक शहरात. आता मुख्य कचेरी नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटमध्ये आहे, म्हणजे लेकीच्याच राज्यात. हेही उपग्रहाने जोडलेलं नेटवर्क, इथेही गावचा माणूस नाही. तरी मी रमले ती इथे.

कारण एकच, थांबणं. एक गाणं पूर्ण संपतं. शेवटचा सूर विरेपर्यंत कोणी बोलत नाही. मग क्षणभर काहीच नाही. मग एक मध्यमवयीन, न सजवलेला आवाज गाण्याचं नाव सांगतो आणि बाजूला होतो. आम्हाला ज्येष्ठांनी शिकवलं होतं की निवेदकाचा श्वास ऐकू आला तर चालेल, घाई ऐकू येता कामा नये. ते शिक्षण इतक्या दूरच्या, इतक्या वेगळ्या घरात जपलेलं सापडलं, याचा मला मनापासून आनंद झाला. संगीत जुन्या वळणाचं: चार आवाजांतली स्तोत्रं, पियानो, ऑर्गन, तंतुवाद्यांचे मेळ. आजच्या ढंगाची ख्रिस्ती गाणी ते मुद्दाम टाळतात. नवीन पिढीला हे रुक्ष वाटेल, लेकीला वाटतंच. मला संध्याकाळी दिवा लावल्यावर हेच हवं असतं.

प्रवचनं मात्र पुष्कळ आहेत. काही वक्ते अतिशय चांगले. जे. व्हर्नन मॅगी हे त्यांतलं मोठं नाव. संपूर्ण बायबल पाच वर्षांत समजावून सांगायचं, असा त्यांचा उपक्रम. ते १९८८ साली वारले, पण ध्वनिमुद्रणं आजही अनेक ख्रिस्ती केंद्रांवरून प्रसारित होतात, आणि त्या मालिकेची रूपांतरं शंभराहून जास्त भाषांत झाली आहेत. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांचा खेडवळ हेल, ओट्यावर बसून बोलल्यासारखं बोलणं. इंग्रजी फार येत नसणाऱ्यालाही सूर पकडता येतो. आमच्याकडे ज्ञानेश्वरीवर निरूपण करणारे काही आवाज असे होते, त्यांनी पुस्तक मिटलं तरी आपण बसून राहायचो.

श्रुतिकेची आवड असणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगते. शिकागोतल्या पॅसिफिक गार्डन मिशन या बेघरांच्या आश्रयस्थानातून १९५० पासून एक श्रुतिका मालिका सुरू आहे. व्यसनातून, तुरुंगातून, रस्त्यावरून उठलेल्या माणसांच्या खऱ्या कथा, नटांच्या आवाजात. श्रोत्यांवर चालणारी कितीतरी ख्रिस्ती केंद्रं ती लावतात. दाराचा आवाज, पावलं, पेल्यांची किणकिण, प्रसंग बदलताना ऑर्गन, सगळं जुन्या पद्धतीने. आपल्याकडे नभोनाट्य विभाग आटत गेले, तिथे एका धर्मादाय संस्थेने ही कला इतकी वर्षं सांभाळली. मी ती भाबडेपणाने नव्हे, कारागिरी म्हणून ऐकते आणि दर वेळी काहीतरी शिकते.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ही केंद्रं धर्मप्रसारासाठीच आहेत आणि ती ते लपवत नाहीत. बीबीएनवर तारणाचा मार्ग एकच, असं ठामपणे सांगितलं जातं. ज्याला ते सोसणार नाही त्याने लावू नये. मी ते ऐकते, मला पटत नाही, आणि पुढच्या स्तोत्राची वाट पाहते. दुसरी गोष्ट, हा प्रोटेस्टंट रेडिओ आहे. आमच्या खालच्या मजल्यावर राहणारी म्हातारी बाय माझ्याकडे चहाला आली की ऐकत बसते. तिचं शिक्षण पोर्तुगीज काळातलं, त्यामुळे बीबीएनची पोर्तुगीज वाहिनी लावून दिली तेव्हा तिचा चेहरा उजळला. थोडा वेळ ऐकून म्हणाली, “आवाज बरो, पूण तेर्स खंय?” तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हटल्याशिवाय गोव्यातल्या कॅथलिक घरात संध्याकाळ होत नाही. सायबिणीचं (मारियामातेचं) नाव नाही, तेर्स नाही, मीस (चर्चमधली मुख्य उपासना) नाही, तर तिच्या लेखी ती अर्धीच प्रार्थना. तिच्यासाठी रेडिओ मारिया अधिक योग्य. इटलीत एर्बा गावाच्या एका पॅरिशमधून निघालेला, १९८७ मध्ये स्वतंत्र संस्था झालेला, जाहिरात न घेणारा आणि स्वयंसेवकांच्या श्रमावर चालणारा. तेर्स आणि मीस हा त्याचा कणाच आहे.

श्रोत्यांचा पैसा म्हणजे आपोआप शुद्ध काम, असं मात्र समजू नका. कॅलिफोर्नियातल्या फॅमिली रेडिओची गोष्ट मी त्यासाठीच सांगते. १९५० च्या दशकाच्या शेवटी सुरू झालेलं, जाहिरातीविना चालणारं, नावाजलेलं नेटवर्क. त्याचे प्रमुख हॅरल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ हा न्यायाचा दिवस असल्याचं जाहीर केलं आणि जगभर फलक लागले. लोकांनी आयुष्याची पुंजी पाठवली. तो दिवस इतर दिवसांसारखाच गेला. पुढच्या वर्षी कॅम्पिंग यांनी आपण चुकलो हे लेखी मान्य केलं. मोठ्या शहरांतली काही केंद्रं विकली गेली, २०१३ मध्ये त्यांचं लघुलहरी प्रक्षेपण बंद झालं. जाहिरातदार नसला की निवेदकाला मोकळीक मिळते, पण माइकसमोर बसलेल्या माणसाला विचारणारं कोणीतरी हवंच. आमच्या ड्युटी रूममध्ये ड्युटी ऑफिसर प्रत्येक शब्द ऐकत असायचा. तेव्हा त्याचा राग यायचा.

गोव्यात यातलं काहीही एफएमवर मिळणार नाही. आपल्या खाजगी एफएमच्या धोरणात धार्मिक संस्थांना परवाना नाही, २०११ च्या तिसऱ्या टप्प्यातही तो दिलेला नाही. मला ते योग्यच वाटतं. हवेतल्या जागा मोजक्या असतात, आणि त्यांवरून देवळं, इगर्जी, मशिदी यांची चढाओढ लागली तर गावातला सलोखा टिकायचा नाही. पूर्वी परदेशी ख्रिस्ती केंद्रं रात्री मध्यमलहरी-लघुलहरीवर लागायची. श्रीलंकेतल्या पुत्तलमहून ट्रान्स वर्ल्ड रेडिओ ८८२ किलोहर्ट्झवर, सेशेल्समधून फेबा, ज्याचे एरियल समुद्रात प्रवाळावर उभे केले होते. फेबाचं सेशेल्सचं प्रक्षेपण २००३ मध्ये थांबलं. आता मोबाइल.

बीबीएनसाठी मोबाइल पुरतो. ६४ केबीपीएसचं प्रसारण तासाला साधारण २९ एमबी खातं, म्हणजे रोज दोन तास ऐकूनही पॅक संपत नाही. वेळेचं गणित लक्षात ठेवा: शार्लट आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास. त्यांची पहाट आपल्याकडे दुपारच्या चहाला येते आणि आपण झोपायच्या वेळी तिथे भर दुपार असते. सकाळची शांत स्तोत्रं हवीत तर आपण दुपारी साडेतीन-चारनंतर लावायची. इअरफोन नको, छोटा स्पीकर घ्या. चार आवाजांचं गाणं खोलीत फिरलं पाहिजे.

देणगी मी दिलेली नाही आणि देणार नाही. तिथल्या श्रोत्यांनी आपल्या रेडिओसाठी पैसे घालणं मला आदराचं वाटतं, पण माझे पैसे इथल्या हवेसाठी राखून ठेवलेत. आपल्याकडे २००६ पासून सेवाभावी संस्थांना सामुदायिक रेडिओचा परवाना मिळतो. फार तर शंभर वॅटची प्रक्षेपणशक्ती, फार तर तीस मीटरवर एरियल, आणि निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक लोकांनी केलेला असला पाहिजे ही अट. अमेरिकेने जी अट काढून टाकली जवळजवळ तीच आपण लिहून ठेवली आहे. एवढ्या ताकदीत फोंडा, कवळे, मडकई सहज येतील. केंद्र कोणा धर्माचं नको. पण जांबावलीचा गुलाल, सांजावचे कांतार, वाड्यावरची लदाइन, धालोची गीतं, म्हार्दोळच्या जत्रेतलं भजन, सगळं एका केंद्रावरून जाऊ शकतं, मराठीत आणि कोंकणीत, मधे एक क्षण थांबून. त्यासाठी महिन्याची वर्गणी मी आज कबूल करते. सकाळच्या पाळीला निवेदक कमी पडला तर मला बोलवा.